दारावरचा गेरूचा आकडा

नाना,

आज सकाळी आपल्या दारावर पुन्हा आकडा पडला. या खेपेला गेरूनं नाही, काळ्या मार्करनं, आणि दारावर नाही, फाटकाच्या खांबावर. लिहिणारी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात मोबाइल. कागद कुठाय गं, असं मी विचारलं तर म्हणाली, कागद नाही आजी, सगळं यातच भरायचं. घराचं छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, फ्रीज आहे का, गाडी आहे का, असं भराभर विचारून घेतलं. माणसांची नावं, वयं, शिक्षण, भाषा हे सगळं पुढच्या खेपेला, तेव्हा परत येईन म्हणाली. चहा विचारला तर नको म्हणाली, अजून अख्खी गल्ली बाकी आहे. तिचंही खरंच. ती गेल्यावर मी खांबापाशी जाऊन उभी राहिले आणि का कोण जाणे, तो आकडा ओल्या बोटानं पुसून बघितला. पुसला जात नाही. बरं वाटलं. मग आत येऊन वही काढली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. माणसं मोजायची नसतात, नावं घ्यायची असतात, हे तुमचंच.

पोलीस ॲक्शनला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली असतील. मी चौथीत होते. निजामाचं राज्य गेलं होतं, आपल्या घरातलं कुणी दगावलं नव्हतं, कुणी लुटलं नव्हतं, म्हणून नातेवाईक आपल्याला नशीबवान म्हणत. पण आपल्या घरावर जे आलं होतं ते बाहेरून दिसणारं नव्हतं. तुम्ही तहसील कचेरीत पेशकार. साहेबापुढं कागद ठेवायचे, साहेब बोलेल तो हुकूम लिहून घ्यायचा, हे तुमचं काम, आणि ते सगळं उर्दूत. तुमचं शिक्षण पहिल्यापासून उर्दूतलं. घरात मराठी बोलायची, देवापुढं मराठीत आरती म्हणायची आणि पेन हातात घेतलं की उर्दू लिहायची, यात आपल्याकडं कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तुमचं उर्दू अक्षर इतकं देखणं की औरंगाबादच्या शहागंजातले व्यापारी अर्ज लिहून घ्यायला घरी येत. मग कचेरीत नागपूरकडचे नवे साहेब आले, कामकाज मराठीत चालायला लागलं, आणि एके दिवशी त्या साहेबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, घरी मराठी बोलता आणि मराठी लिहिता येत नाही? म्हणजे तुम्हाला निरक्षरच म्हणायचं की! लोक हसले. तुम्ही घरी येऊन हे आईला सांगत होतात तेव्हा मी चुलीशेजारी शेंगा सोलत बसले होते. तुम्ही हसत हसतच सांगितलंत. पण त्या दिवशी तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात आणि आईनं ते ताट कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

त्याच हप्त्यात हुकूम आला. देशभर खानेसुमारी होणार, तुम्हाला शहागंजामागचा एक भाग नेमून दिलाय, घरोघर जाऊन माणसं लिहायची आणि लिहायची ती मराठीत. साहेबांनी तोंडी पुस्ती जोडली होती, की हे काम धड झालं तर नोकरी कायम, नाहीतर दुसरं काही बघा. दुसरं काय बघायचं होतं, नाना? फुलंब्रीकडची जमीन काकांच्या ताब्यात आणि तुम्हाला नांगर धरता येत नव्हता. आई वऱ्हाडातली. तिकडं इंग्रजी अमलात मराठी शाळा होत्या, त्यामुळं ती सातवी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा आपल्या सासरी मराठी पोथी वाचणारी ती एकटीच, आणि त्याचं कौतुक करण्यापेक्षा लोक तिला ‘इंग्रजांची सून’ म्हणून चिडवत. ती त्या रात्रीची भांडी आवरून माझी पाटी घेऊन तुमच्यासमोर बसली. ‘या,’ म्हणाली, ‘अन् लाजू नका. पोरीपासून सगळ्यांनाच शिकवलं मी.’

तो स्वयंपाकघरातला वर्ग मला अजून दिसतो. तुम्ही पाट घेऊन बसलाय, मांडीवर पाटी, आणि पेन्सिल धरलेला हात आपोआप पाटीच्या उजव्या कडेला जातोय. आई पोळी लाटता लाटता म्हणतेय, ‘अहो, इकडून. डावीकडून.’ हात डावीकडं येतो, एक ओळ नीट जाते, दुसऱ्या ओळीला परत उजवीकडं. मी फिदीफिदी हसते. म्हणते, नाना, पहिलीतली पोरंसुद्धा बरं लिहितात! आईनं लाटणं उगारलं, पण तुम्ही तिला थांबवलंत. म्हणालात, खरं बोलती ती, बोलू दे. मग माझ्याकडं वळून म्हणालात, ‘तू माझी उस्ताद हो. चुकलं की हसायचं. पण बाहेर सांगायचं नाही.’ मी कुणाला सांगितलं नाही, आजपर्यंत. तुमची अक्षरं सुरुवातीला सगळी उजवीकडं झुकलेली, वाऱ्यातल्या ज्वारीसारखी, आणि त्यांना शिरोरेघ द्यायची तुम्ही विसरायचा. ती आई नंतर ओढून द्यायची, एका दमात, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एकदा आईनं विचारलं होतं, की हे माणसं मोजायचं खूळ कशासाठी? सरकारला माहीत नाही का कोण कुठं राहतं? तुम्ही म्हणालात, निजामाच्या काळातही होतं हे, मर्दुमशुमारी म्हणायचे. ठरावीक वर्षांनी सगळीच राज्यं हे करतात, विलायतेपासून सगळीकडं. शाळा कुठं काढायची, दवाखाना कुठं हवा, किती धान्य लागेल, कुठल्या गावाला किती माणसांमागं एक निवडून द्यायचा, हे सगळं त्यावर ठरतं. आता तर मतं द्यायची म्हणतात, मग माणसं किती ते नको कळायला? आई म्हणाली, ‘असं सांगा ना, पंगतीला पानं किती ते विचारायला लागतं. न विचारता स्वयंपाक केला की कुणीतरी उपाशी राहतंच.’ तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि तिच्याकडं बघत राहिलात. पुढं मी ऐकलंय, तुम्ही मोजायला जायचा तिथं जो तो विचारी, मुंशीजी, ये गिनती कायकू, तर तुम्ही हेच सांगायचा, पंगतीचं. आईचं नाव न घेता!

आधी घरांना आकडे घालायचे होते. थंडी सुरू झाल्यावर तुम्ही आणि कचेरीतला एक शिपाई, गेरूचा डबा आणि काडीला चिंधी बांधलेली ती कुंचली घेऊन सगळ्या भागात हिंडलात आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलात. आकड्यांचं तुम्हाला भय नव्हतं, ते दोन्हीकडं डावीकडूनच लिहितात. आपलं घरही त्याच भागात येत होतं, म्हणून आपल्याही दारावर. आईनं दिवाळीला रंगवलेलं दार. ती दोन दिवस बोलली नाही. मग माणसं लिहायचा महिना आला, तुम्ही कागदांची चळत घेऊन गेलात, आणि दुपारीच परत आलात. जाताना आम्ही तुमच्या हातावर दही ठेवलं होतं. परत आलात ते ओसरीवर बसलात, चप्पलही काढली नाहीत. तुमच्या भागातल्या एका गल्लीतल्या दारांवर एकही आकडा राहिला नव्हता. कुणी धुऊन काढला होता, कुणी वरून चुन्याचा हात फिरवला होता, एकानं तर चौकटीचं लाकूड तासलं होतं. दारं बंद. आतून आवाज येत होते, पण कुणी कडी काढत नव्हतं.

आता कळतं, तेव्हा मला कळत नव्हतं. त्या गल्लीत सगळी मुसलमान घरं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत दारांवर खुणा झाल्या की पुढं काय होतं, याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या. खऱ्या किती, खोट्या किती देव जाणे, पण भीती खरी होती. शिवाय घरातलं माणूस पाकिस्तानात गेलं की मालमत्ता ताब्यात घेणारे सरकारी कस्टोडियनवाले येऊन घराला कुलूप लावतात हे तर त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तशात सरकारी माणूस येऊन चौकटीवर लाल आकडा लिहून जातो. कोण ठेवील? पण साहेबांना हे कोण सांगणार? ते म्हणाले, पोलीस देतो बरोबर, दारं उघडून घ्या. तुम्ही हात जोडून म्हणालात, साहेब, एक दिवस द्या. पोलीस घेऊन गेलो तर दारं उघडतील, तोंडं उघडणार नाहीत. साहेब म्हणाले, एक दिवस. त्यानंतर तुम्ही तुमच्या वाटेनं. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईनं देवापुढं वात लावली आणि मी पहिल्यांदा घाबरले, खरंखुरं घाबरले, की आता आपण काकांच्या घरी राहायला जाणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद घरी ठेवून गेलात. टोपीही घातली नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जो नळ होता त्याच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि पाणी भरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलायला लागलात. तुमचं उर्दू, नाना. कचेरीत ज्याची किंमत कवडीची झाली होती ते. कुणाचा अर्ज तुम्ही कधी लिहिला होता, कुणाच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांची मिसल तुम्ही कधी शोधून दिली होती, हे हळूहळू निघत गेलं. मग एका दाराच्या पडद्यामागून आवाज आला. तिला सगळी गल्ली बडी बी म्हणे. तिचं तुम्ही घरी येऊन जसंच्या तसं करून दाखवलं होतंत, म्हणून मला ते पाठ आहे. ‘मुंशीजी, सच बोलो. मेरा बेटा कराची गया, मैं तो नई गई ना? फिर मेरे घर पे निशान कायकू?’ तुम्ही म्हणालात, ‘अम्मा, ये निशान मेरे दरवाजे पे बी है. झूठ बोलरा हूं तो चल के देख लेव.’

आणि ती आली की! तिसऱ्या प्रहरी मी ओसरीवर सागरगोटे खेळतेय, आणि काळा बुरखा घेतलेली एक म्हातारी काठी टेकत येऊन आपल्या दारासमोर उभी राहते. तुम्ही मागं, चार हातांवर. ती बुरख्याची जाळी वर करते, चौकटीजवळ तोंड नेते आणि त्या लाल आकड्यावरून बोट फिरवते, जसं माझी वऱ्हाडातली आजी पोथीवरून फिरवायची. आई पदर सावरत बाहेर आली. बडी बीनं विचारलं, ‘तुमारे कू बी डाले?’ आईचं हिंदी म्हणजे वऱ्हाडी मराठीला हिंदीची फोडणी. ती म्हणाली, ‘हव ना बाई! हमारे घरवालेनेच डाला. दिवाळीमे रंगाया हुवा दरवाजा था, पूरा सत्यानाश किया.’ म्हातारीनं तुमच्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं आणि खो खो हसायला लागली. ‘मर्दां सब एकीच होते,’ म्हणाली. आईही हसली. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही भिंतीला टेकून उभे, डोळे मिटून. आईनं तिला गूळ-पाणी दिलं. बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात दिलं, हे मी लपवत नाही, तेव्हा घराघरात तसंच होतं. बडी बीनं पेला बघितला, ओळखला, आणि पाणी पिऊन दुवा देऊन गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आकडे घालायला गेलात तेव्हा गेरूचा डबा तिच्या हातात होता आणि ती दारोदार ओरडत होती, ‘खोलो रे, अपनाच मुंशी है.’

त्यानंतरचे दिवस म्हणजे घरात सणच. तुम्ही संध्याकाळी येताय, बोटांना शाई, आणि एकेका घराचं काही ना काही सांगताय. आई म्हणायची, अहो, हे बाहेर सांगायचं नसतं ना? तुम्ही जीभ चावायचा आणि मग फक्त हसायचा. तुम्हाला खानेसुमारीचा तो कायदा फार आवडला होता. कागदावर जे लिहिलंय ते पोलिसांना दाखवायचं नाही, कोर्टातही ते चालत नाही, माणूस जे सांगेल ते लिहायचं, पुरावा मागायचा नाही. जसं सांगतील तसं लिहायचं, हे तुम्ही इतक्यांदा म्हणायचात की मी पाढ्यांसारखं म्हणत हिंडायची. कचेरीतला जन्म तुमचा, जिथं दाखला दाखवल्याशिवाय माणूस जिवंत आहे हेसुद्धा मान्य होत नाही. तिथं हे असं, की म्हातारी म्हणाली माझं वय शंभर, तर तुम्ही फार तर हळूच विचारायचं, मोठ्या पुराच्या साली केवढ्या होतात अम्मा, आणि मग तिचं तिलाच ठरवू द्यायचं.

बडी बीच्या घरचं मात्र तुम्ही आईला सांगितलंत आणि मी ऐकलं. तिला वाचता येत होतं, कुराण वाचायची, पण लिहिता येत नव्हतं. त्यासाठीही कागदावर वेगळी खूण होती, ती तुम्ही केलीत. मग घरात आणखी कोण, असं विचारल्यावर तिनं पडद्याची कड मुठीत धरली. म्हणाली, बेटे का नाम लिखाऊं तो झूठ होता, नई लिखाऊं तो मर गया जैसा लगता. पाकिस्तानातही त्याच सुमारास मोजणी चालली होती, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘अम्मा, कराची में बी गिनरे. कोई मुंशी उसके दरवाजे पे बी गया होएंगा. उसका नाम वहां लिखा गया.’ ती म्हणाली, सच? तुम्ही म्हणालात, सच. मग तिनं सुटकेचा असा निःश्वास टाकला की पडदा हलला, असं तुम्ही म्हणालात. ते तुमचं वाढवून सांगणं असेल. पण पुढं मी शाळेत देश म्हणजे काय हे शिकवायला लागले, तेव्हा पुस्तकातल्या व्याख्येआधी मला नेहमी हेच आठवायचं, की तुझं पोर कुठंतरी कुणीतरी लिहून घेतलंय हे ऐकून म्हातारीच्या जिवाला थंडावा मिळाला होता.

आपलं घर तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतंत. आईला दारात पाटावर बसवलंत आणि अगदी परक्यासारखं विचारायला लागलात. कुटुंबप्रमुखाचं नाव? आई पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘लिहा की. तुम्हाला ठाऊक नाही होय?’ नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? मग तिचं वय, तिचा जन्म कुठला, मातृभाषा मराठी, लिहिता-वाचता येतं का. ‘येतं,’ आई म्हणाली, जरा मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग माझं. मीही ‘येतं’ म्हणाले. मग तुमचं स्वतःचं. नाव लिहिलंत, वय लिहिलंत, मातृभाषा मराठी लिहिलंत, आणि लिहिता-वाचता येतं का या ठिकाणी येऊन पेन थांबलं. थांबलं ते थांबलंच. मला वाटलं शाई संपली. आईला मात्र कळलं. साहेबाचं ते वाक्य तुमच्याबरोबर घरोघर हिंडत होतं, ते आता आपल्या दारात येऊन बसलं होतं.

आई म्हणाली, ‘त्या गल्लीत उर्दू येणारी माणसं होती. त्यांच्यापुढं काय लिहिलंत?’ तुम्ही म्हणालात, येतं असंच. कुठल्याही भाषेत साधं पत्र लिहिता-वाचता आलं की झालं, तसाच नियम आहे. ‘मग घरच्या माणसानं तुमचं काय घोडं मारलंय?’ आई म्हणाली. मग ती पाटावरून उठली, तुमच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि तिनं असं काही सांगितलं की मी सागरगोटे टाकून बघत राहिले. ‘जसं सांगतील तसं लिहायचं ना? मग तुम्हाला कुणी विचारलंय? मी सांगते. या घरातल्या मालकांना लिहिता-वाचता येतं. दोन भाषांत येतं. लिहा.’ तुम्ही लिहिलंत. डावीकडून उजवीकडं, शिरोरेघेसकट. मग पेनाला टोपण लावलंत, पाय पसरलेत आणि म्हणालात, चहा टाक गं, साखर जास्त घाल. एवढ्या दिवसांनी तुमचे खांदे खाली आलेले मी बघत होते. मलाही इतकं हलकं वाटलं की मी पाटी घेऊन नळावर गेले आणि तुमची सगळी अक्षरं धुऊन टाकली. आता कशाला लागतायत, असं मला वाटलं होतं!

साहेबांनी कागद तपासले. अक्षर गिचमिड आहे म्हणाले. म्हणू देत. त्या गल्लीतला एकही माणूस सुटलेला नाही असंही म्हणाले, आणि नोकरी कायम झाली. त्या दिवशी तुम्ही शहागंजातून आईला दाराचा रंग आणलात आणि मला बोरू करून दिलात. चांगला तासलेला, तिरका काप दिलेला. मांडीवर बसवून माझा हात धरलात आणि त्या बोरूनं उर्दूत माझं नाव लिहवून घेतलंत. म्हणालात, रोज एक शब्द शिकवत जाईन. मी दोन दिवस बसले असेन. मग मैत्रिणी हसायला लागल्या, शाळेत हिंदी आलं, पुढं इंग्रजी आलं, आणि तुम्हीही कधी आग्रह केला नाहीत. आईनं दार रंगवलं, पण आकड्याभोवतीची जागा सोडून. तो आकडा पावसापाण्यानं आपोआप गेला.

पुढं मी फुलंब्रीला शिक्षिका झाले आणि मलाही हे काम लागलं. मळ्यातल्या एका घरी बाई दारात आडवी उभी. किती लेकरं, म्हणून मी सरळ विचारलं तर तिचा चेहराच बदलला. ‘लेकरं मोजत नसतेत बाई. नजर लागती. नाय सांगायची मी.’ बरोबरच होतं तिचं, आईसुद्धा ताटातल्या पोळ्या मोजू द्यायची नाही. मी ओसरीवर टेकले आणि तुमच्याकडून ऐकलेलंच म्हटलं, मोजायचं नाहीच मला. मोजणारे दुसरे, ते लांब बसलेत. मी फक्त नावं घेते. थोरल्याचं नाव काय? तिनं सांगितलं. त्याच्या पाठचीचं? तेही सांगितलं. मग एकेकाचं नाव घेता घेता ती रंगली, कोण हट्टी, कोण कुणावर गेलंय, सगळं. शेवटी म्हणाली, ‘लई बरं वाटलं, बाई. सगळ्यांची नावं एका दमात कोण घेतंय?’ तुम्ही तेव्हा होतात. मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, वा, उस्ताद!

आता तुम्ही नाही, आई नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. दारांवरची माणसं बदलली, आकडे बदलले, पण मला अजून कुणी मोजायला आलं की भीती वाटत नाही, उलट घरात पाहुणा यावा तसं वाटतं. याचं श्रेय तुमचं आणि आईचं. हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं कुठं? आणि पोचलं असतं तरी तुम्ही एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं असतं, मराठी तुम्ही शेवटपर्यंत तसंच वाचलंत. तुम्हाला न अडखळता वाचता यावं म्हणून ते उर्दूत लिहायला हवं होतं. इथंच एक सांगायचं राहिलंय. मागच्या मोजणीला एक तरुण मास्तर आले होते. मातृभाषा विचारली, मराठी म्हटलं. आणखी कुठल्या भाषा येतात, आजी? मी क्षणभर त्यांच्या पेनाकडं बघितलं आणि म्हटलं, उर्दू. त्यांनी वर बघितलं नाही, विचारलं नाही, कुठं शिकलात, लिहून दाखवा. नियमाप्रमाणं जसं सांगितलं तसं लिहिलं आणि पुढं गेले. नाना, मला उर्दूत माझ्या नावापलीकडं एक अक्षर येत नाही. पण या घरात उर्दू होती, हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं वाटलं. आता ती मोबाइलवाली मुलगी पुढच्या खेपेला येईल आणि विचारील. मी पुन्हा उर्दूच सांगणार आहे.